कोकण विरुद्ध घाट, मुक्काम रियाध

हात हातात घ्यायचा आणि गावाचं नाव सांगेपर्यंत सोडायचा नाही, ही त्याची पद्धत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण हा आयरिश होता आणि आम्ही रियाधमध्ये होतो.

"गाव कुठलं?" ऑफिसात पहिल्याच दिवशी त्याने विचारलं.

"पुणे."

"ते शहर झालं. गाव?"

मी वडिलांचं खटावकडचं गाव सांगितलं. तिथे कित्येक वर्षांत गेलेलो नाही, हेही सांगून टाकलं. न विचारलेलं कबूल करायची मला सवयच आहे.

तो इथला आयरिश फुटबॉलचा क्लब चालवायचा. त्या खेळात बॉल पायाने मारतात, तसाच हाताने थापटूनही पुढे देतात. आयरिश मंडळी एकेक करून मायदेशी परतली, तेव्हा त्याने आम्हा मराठी लोकांना धरलं. माणसाने आपल्या गावाकडूनच खेळायचं, असा त्याच्याकडचा रिवाज. म्हणून नकाशा उघडून त्याने दोन संघ पाडले, कोकण आणि घाट. तो स्वतः समुद्रकाठचा, म्हणून कोकणात.

कोकणचे कॅप्टन रत्नागिरीचे एक व्यापारी. मला बघून म्हणायचे, "अहो घाटावरचे, बॉल आहे तो. भाकऱ्या काय थापताय?"

मी कुणाला धक्का लागला की 'सॉरी' म्हणायचो. त्यावर हा आयरिश म्हणायचा, "माफी नंतर माग. आधी बॉल घे."

मैदानाच्या मालकाची अट एकच होती. शुक्रवारी दोन्ही संघ पूर्ण आले नाहीत, तर मैदान क्रिकेटवाल्यांना. पुढे तोही मायदेशी परतायला निघाला, आणि नेमका त्याच्या शेवटच्या शुक्रवारी आमचा एक जण तापाने पडला. कोकणकडे एक जास्त होता. मालक कुंपणाशी उभा.

"आमच्यातला कोणी घाटात जायचा नाही," कॅप्टन म्हणाले. "यानेच शिकवलंय."

तो बराच वेळ बुटाची नाडी बांधत बसला. मग उठला, आमचा पिवळा शर्ट अंगात चढवला आणि आमच्या गोलमध्ये जाऊन उभा राहिला. "यल्ला," म्हणजे चला, एवढंच म्हणाला. कोकणचा एकही बॉल त्याने आत जाऊ दिला नाही. आम्ही जिंकलो, मैदानही राहिलं.

"फितूर निघाला की हो हा," कॅप्टन त्याच्या गळ्यात पडून म्हणाले.

शर्ट परत देताना तो मला हळूच म्हणाला, "माझ्या घरी कळता कामा नये."

तो गेल्यावर महिन्याभराने त्याचा व्हिडिओ कॉल आला. शेजारी त्याचे म्हातारे वडील.

"शेवटची मॅच पोरगा कुणाकडून खेळला?" त्यांनी विचारलं.

"कोकणाकडून," मी म्हणालो.

"जिंकले का?"

दुसरं खोटं काही जमेना. "नाही. हरले."

म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "असू दे. आपल्या माणसांत हरलास."

तो मान खाली घालून बसला होता. इकडे मीही.