होडीनं आणलेलं पदक

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. आमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांचे. आईवडिलांचे उपकार मोजायचे नसतात, म्हणून त्यांना यात धरत नाही.

माझे वडील तालुक्याच्या बाजार समितीत हमाल होते. मी दहावीत असताना त्यांची पाठ धरली आणि दोन महिने त्यांच्या जागी मी पोती उचलली. शाळेतली हजेरी कमी पडली. परीक्षेला बसता येणार नाही, असं हेडमास्तरांनी स्वच्छ सांगितलं. सर आमचे वर्गशिक्षकही होते. त्यांनी हजेरीच्या वहीत त्या दोन महिन्यांपुढे 'मैदानावर सरावासाठी हजर' असं लिहिलं आणि खाली सही केली. त्या दोन महिन्यांत मी मैदानाचं तोंडही पाहिलं नव्हतं. मी परीक्षेला बसलो, पास झालो, पुढे बी.कॉम. झालो. आमच्या घरात माझ्याआधी सातवीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. आज मी उरणजवळ द्रोणागिरीच्या एका गोदामात कंटेनरची कागदपत्रं तपासतो आणि पनवेलजवळ सुकापूरला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो, ते त्या एका ओळीमुळे.

सर आता निवृत्त आहेत, तरी रोज शाळेत जातात. कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे फोनचा उपयोग नाही, आणि मोबाईलवर वाचणं त्यांना मानवत नाही. आम्ही एकमेकांना पत्रं लिहितो. मी ट्रायथलॉन करायला लागलोय, म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, मध्ये विश्रांती नाही, असं मी कळवलं तेव्हा त्यांचं लगेच उत्तर आलं.

'आपल्या गावाला चार महिने टँकर येतो. तिथला मुलगा पोहून पदक आणणार! हेडमास्तरांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात मी वरच्या खणात जागा करून ठेवली आहे. नववीतल्या एका मुलीनं थाळीफेकीत कप आणलाय, तो तोवर बाहेर टेबलावर ठेवलाय. जानेवारीअखेर संमेलन आहे. पदक घेऊन ये आणि पोरांसमोर स्वतःच्या हातानं कपाटात ठेव.'

शर्यत वेळेत पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला पदक मिळतं. नंबर यावा लागत नाही. मला तेवढंच हवं होतं. त्या रिकाम्या खणासाठी मी तो हंगाम काढला. आमच्या ग्रुपातले बाकीचे लोक कशासाठी काढत होते, ते मी जवळून पाहिलं.

ग्रुप पनवेलचा, तीसेक जणांचा. रविवारी पहाटे निघायचं, गोवा महामार्गानं शिरढोणला जायचं. तिथे इंग्रजांशी लढलेल्या माणसाचं स्मारक आहे. त्याच्याकडे पाठ करून सायकल डोक्यावर उचलायची आणि फोटो काढायचा. स्मारकावर काय लिहिलंय ते वाचताना मी कुणाला पाहिलं नाही. परत येताना दोन-दोन प्लेट मिसळ. मिसळ खाताना मनगटावरचं घड्याळ थांबवून ठेवायचं, म्हणजे सरासरी वेग पडत नाही. अर्धा तास पाव मोडत बसलेला माणूस ॲपमध्ये न थांबता घरी पोचलेला दिसतो.

शर्यतीच्या दिवशी दंडावर मार्करनं नंबर लिहितात. तो डाग सोमवारी ऑफिसात दिसावा म्हणून ही माणसं अंघोळीत तो दंड जपतात आणि बाह्या दुमडून फिरतात. कुणी विचारलं की "काही नाही, काल जरा रेस होती." या 'जरा'चा सराव त्यांनी पोहण्यापेक्षा जास्त केलेला असतो.

ग्रुपचा ॲडमिन पुण्याहून बदलून आलेला, मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तो आवाजी मेसेज टाकायचा. "गाईज, उद्या शार्प साडेपाच. नो एक्सक्यूजेस. आपण वेगळे लोक आहोत." साडेपाचला आम्ही उभे असायचो आणि हा वेगळा माणूस पावणेसहाला यायचा. माझ्या वडिलांनी पाठ जाईपर्यंत पोती वाहिली. तेही रोज पहाटेच उठायचे, पण आपण वेगळे आहोत असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि त्यांच्या गळ्यात कुणी काही घातलं नाही.

आणि एक शेठ होता. मूळचा इथलाच, उरणकडच्या गावातला. वडिलोपार्जित शेतं बंदराच्या कामात गेली, उरलेल्या जागेवर यानं गोदामं बांधली. सगळे त्याला शेठच म्हणायचे. सायकल ग्रुपात सगळ्यात भारी, आणि ती सायकल सतत दुसऱ्याच्या मागे. पुढच्याच्या चाकाला चिकटून चालवलं की वारा पुढचा खातो आणि मागच्याला फुकट वेग मिळतो. शर्यतीत याला बंदी आहे. शेठला बंदी माहीत होती आणि तो हसत हसत ती मोडायचा. मला त्या हसण्याचाच राग यायचा.

पहिली शर्यत ऑक्टोबरात झाली. पोहणं तरणतलावातलं, काठ हाताशी असलेलं, त्यामुळे ते जमलं. सायकलच्या पहिल्याच फेरीत माझा टायर बसला. ट्यूब बदलायला मी शिकलो नव्हतो. रस्त्याकडेला बसून राहिलो आणि बसल्या बसल्या पाहिलं, तर शेठ तिन्ही फेऱ्यांत एकाच माणसाच्या मागे, दोन चाकांमध्ये हात जाणार नाही इतका जवळ. मी सायकल हातात धरून दोन किलोमीटर चालत पंचांच्या टेबलाशी गेलो आणि तक्रार नोंदवली. शेठला पाच मिनिटांचा दंड झाला आणि त्याच्या वयोगटातला तिसरा नंबर गेला.

तो स्वतःहून माझ्याकडे आला. मला वाटलं, भांडेल.

"काय रे नियमवाले," तो म्हणाला, "पंक्चर तुजी झाली आनि हवा माजी काढलीस?"

भोवतालचे हसले. मी हसलो नाही. त्या दिवसापासून माझं नाव नियमवाले पडलं आणि मला ते आवडायला लागलं. कंटेनरच्या सीलचा एक आकडा चुकला तरी मी ट्रेलर सोडत नाही. मला वाटायचं, या सगळ्या घड्याळं थांबवणाऱ्यांमध्ये मी एकटा सरळ माणूस आहे.

दुसरी शर्यत डिसेंबरात, धरणाच्या पाण्यात. तिथे काठ नव्हता आणि खाली तळ दिसत नव्हता. माझा श्वास पहिल्या शंभर मीटरमध्ये तुटला. ठरलेल्या वेळेत बाहेर न आल्यामुळे मला सायकलला हात लावू दिला नाही. ग्रुपवर ॲडमिननं लिहिलं, 'डीएनएफ पण एक जर्नी असते, ब्रो.' म्हणजे शर्यत अर्धवट राहणं हाही एक प्रवास. त्याखाली बावीस हृदयं.

घरी आलो तेव्हा बायको दारातच होती. "मेडल नाही? टी-शर्ट तरी दिला का?"

"तो आधीच देतात."

"बरं झालं. फरशी पुसायला नव्हतंच काही."

उरली एक शर्यत, जानेवारीच्या मध्यावर, उरणच्या बाजूला समुद्रकिनाऱ्यावर. त्यानंतर दोन आठवड्यांनी शाळेचं संमेलन. मी रोज पहाटे तलावात गेलो. कुणाचा मेसेज उघडला नाही.

पोहायचं होतं पाऊण किलोमीटर, पाण्यावर तरंगणाऱ्या दोन पिवळ्या फुग्यांना वळसा घालून. पहिल्या फुग्यापर्यंत बरा होतो. मग लाटेचं पाणी तोंडात गेलं आणि धरणातलीच भीती परत आली. सुरक्षेसाठी मच्छीमारांच्या होड्या ठेवल्या होत्या. मी हात वर केला. म्हातारा होडीवाला वल्हवत जवळ आला.

"धर दादूस, धर. लाजतंस कशाला?"

मी काठ धरला. दम खायला होडी धरण्याची परवानगी असते. फक्त तिच्या आधारानं पुढे जायचं नसतं.

"दोन मिनिटं, मामा. दम खाऊन सोडतो."

"दम खा नायतर जेव. पन भरती लागली हाय. हितं थांबून तुजा काय खरा नाय."

त्यानं वल्हं मारलं. माझ्या पोटाखालून पाणी मागे जायला लागलं.

"मामा, थांबा. असं चालत नाही."

"काय चालत नाय? मानूस बुडला तं चालतंय?"

मी 'थांबा' म्हणालो होतो, पण कसं, तर बिल दुसराच देणार हे माहीत असताना आपण पाकिटाला नुसता हात लावतो ना, तसं. हात माझेच होते. कुणी बांधलेले नव्हते. दुसऱ्या फुग्यापर्यंत, शंभर-सव्वाशे मीटर, मी होडीला लटकून गेलो. तिथे सोडलं आणि उरलेलं पोहलो. वेळ संपायला दीड मिनिट असताना किनाऱ्याला लागलो.

पुढची सायकल मी कधी नव्हे इतकी चांगली चालवली आणि धावलोही. ते आता सांगायला जीभ रेटत नाही.

शेवटच्या कमानीखाली कुणीतरी गळ्यात पदक घातलं. शेठ आधीच पोचला होता, वडापाव खात उभा. माझ्या कानाशी आला.

"नियमवाले, होडीला इंजिन लावला असता तं पयलाच आला असतास."

"तुम्ही पाहिलंत?"

"मागंच व्हतो की. होडीवाला आमच्या वाडीतला. मीच त्याला सांगितलेला, कोन दमला तं वोढून आन. त्याला तुमचा कायदा काय म्हाईत?"

"मग जा, सांगा पंचांना."

"मी कशाला सांगू? मी काय तू हाय?" त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "जा, फोटो काढ."

मला त्या मेहेरबानीची किळस आली. तो ओरडला असता, त्यानं सूड घेतला असता, तर बरं वाटलं असतं. त्याला सगळं सारखंच होतं, स्वतःचं लबाड चाक आणि माझी होडी. त्या माणसाबद्दल माझं मत आजही बदललेलं नाही. पण ऑक्टोबरात पंक्चर सायकल ढकलत मी दोन किलोमीटर चालत गेलो होतो, आणि इथे पंचांचं टेबल वीस पावलांवर होतं. मी त्याच्याकडे पाहिलं, आणि फोटो काढायला उभा राहिलो.

रात्रीपर्यंत ग्रुपवर माझा फोटो होता. 'रिस्पेक्ट.' 'नेव्हर गिव्ह अप.' शेठनंही अंगठा टाकला होता.

अंघोळीला दंडावरचा नंबर काथ्यानं घासला. जाईना. सोमवारी थंडी नसताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला, तरी सारखी मनगटापर्यंत ओढलेली बाही पाहून शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "हातावर काय लपवताय?"

"कंटेनरचा नंबर," मी म्हणालो.

घड्याळ थांबवून मिसळ खाणारे निदान आपसात तरी हसतात. मी एकटाच खोटा होतो, तेही गंभीर चेहऱ्यानं.

बुधवारी सरांचं पत्र आलं. संमेलनाची तारीख ठरली होती. पाचवीची पोरं विचारत होती म्हणे, समुद्रात पोहताना डोळे उघडे ठेवायचे की मिटायचे. पत्र चार दिवस टेबलावर पडून होतं. पाचव्या दिवशी मी आयोजकांना ईमेल केला की मला होडीनं ओढलं, माझं नाव निकालातून काढा. उत्तर आलं, 'नो वरीज सर, एन्जॉय युवर मेडल!' मी पुन्हा लिहिलं. तेव्हा नाव काढलं, मेडल परत पाठवू नका म्हणाले. मग सरांना लिहायला बसलो. पाठवलं ते पत्र असं होतं.

'आदरणीय सर,

सादर नमस्कार.

पदक मिळालं आहे, पण ते मी आणणार नाही. पोहताना मी घाबरलो आणि होडीला धरलं. होडीवाल्यानं मला शंभर मीटरहून जास्त ओढत नेलं. ते नियमाविरुद्ध आहे, हे मला माहीत होतं. मी सोडलं नाही, आणि किनाऱ्यावर आल्यावर कुणाला सांगितलंही नाही. आता सांगितलं आहे आणि निकालातून माझं नाव काढलं आहे.

तुमची फसवणूक करून संमेलनाला येणं मला जमलं नसतं, असं लिहिणार होतो. पण ते खरं नाही. पहिले चार दिवस मी यायच्या तयारीत होतो.

आणखी एक सांगायचं आहे. ऑक्टोबरात मी एका माणसाची तक्रार करून त्याचा नंबर घालवला. तक्रार खरी होती. पण ती करायला जाताना, आणि त्यानंतर तीन महिने सगळ्यांना तुच्छ लेखताना, दहावीच्या हजेरीतली तुमची ओळ मला एकदाही आठवली नाही. होडीपेक्षा मला त्याची लाज जास्त वाटते. त्या ओळीबद्दल तुम्हाला कधी काही वाटलं का, हे मी आजवर विचारलं नाही. आता विचारतो. वाटलं तर लिहा, नाही तर राहू द्या.

पोरांना सांगा, समुद्रात डोळे मिटायचे नाहीत. चष्मा लावायचा. पाणी गढूळ असतं, तरी पुढचा फुगा दिसतो. एवढं मी अनुभवानं सांगू शकतो.

वरच्या खणातली जागा माझ्यासाठी अडवू नका. थाळीफेकीचा कप बाहेर टेबलावर धूळ खातोय. तो आत ठेवा, आणि त्या मुलीच्या हातानंच ठेवा. मला बोलावलंत तर मी मागे बसून टाळ्या वाजवायला येईन.

आपला विद्यार्थी'