मंडईपुरत्या पुड्या

आमच्याकडे दिवाळी सरली की गावोगावी मंडई भरते. दंडारीची नाचगाणी, नाटक, जिलेबीची दुकानं आणि घरोघरी पाहुण्यांचा लोंढा. पाहुणे मंडई पाहायला येतात आणि जाताजाता घरच्या सुनांनाही न्याहाळतात. माझ्या मोठ्या जावेचं त्यांनी एका मंडईत तोंडभर कौतुक केलं आणि पुढच्या वर्षीच्या मंडईत तिची कीव केली. दोन्ही वेळा त्यांचं साफ चुकलं.

मोठ्या जावेला मी बाई म्हणते. बाईंना सांधेवात. सकाळी बोटं अशी सुजून आखडायची की मूठ वळत नसे, चहाचा कप धरवत नसे. जवळच्या एका डॉक्टरच्या पुड्यांनी त्या महिनाभरात धावू लागल्या. चेहरा गोल, गाल टम्म. पाहुण्या बायका सासूबाईंना म्हणाल्या, "सुनेची तब्येत मस्त बनली वो तुमच्या!" सासूबाई हरखल्या. ती तब्येत नव्हती, पुड्यांतल्या स्टिरॉइडची सूज होती, हे पुढं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. रक्तातली साखरही वाढली होती. त्यांनी ते स्टिरॉइड हळूहळू कमी करत आणलं आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी सुरू केली. हिचा गुण यायला महिने लागतील, पण पुन्हा पुड्यांवर गेलात तर बोटं वाकडी होऊन तशीच राहतील, असं त्यांनी बजावलं.

रविवारी गोळी घेतली की सोमवारी भाताच्या वासानं मळमळ. धानाच्या मुलखात भाताच्या वासापासून माणूस पळणार तरी कुठं? बाई त्या दिवशी परसात जाऊन बसायच्या आणि लिंबू पिळलेले मुरमुरे चघळायच्या. तोंड यायचं तेव्हा नुसत्या ताकावर राहायच्या. त्यांची वेणी मी घालत असे, आणि कंगव्यात केसांचे पुंजके यायचे. मी ते मुठीत लपवले तरी त्यांना कळायचंच. "आपल्या दोघीत मिळून दीडच येणी रायली व आता," म्हणून त्याच हसायच्या. मला साधी सर्दी झाली तरी मी घर डोक्यावर घेते. या बाईचं काळीज कशाचं बनलंय, असं मला खरंच वाटायचं.

दुसऱ्या मंडईला घर पाहुण्यांनी भरलं. बाई वाळलेल्या, डोईवर विरळ केस. "केवढी खंगली! नवा डाक्टर मारून टाकते हिले," बायका सासूबाईंना ऐकवू लागल्या. सासूबाई मनानं मऊ. त्यांनी कुठूनशा जुन्या पुड्या मिळवल्या आणि स्वयंपाकघरात येऊन बाईंच्या पुढ्यात ठेवल्या.

"मंडईपुरत्या खाय माय. दोन दिस तरी हात चालतीन."

त्या सकाळी बाईंना झारा धरवत नव्हता. पुड्यांकडे त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मी असते तर घेतल्या असत्या, खोटं कशाला बोलू.

"पाहुणे परवा निंगून जातीन," बाई म्हणाल्या, "हात माह्यापाशीच रायतीन." आणि पुड्या सासूबाईंकडे सरकवल्या. मग पाटावर बसून त्यांनी नुसत्या तोंडानं सगळा स्वयंपाक उरकला. कीव करणाऱ्या बायकांनाच पुऱ्या लाटायला बसवलं, आणि जाड लाटणारीला परत लाटायला लावलं.

हिवाळा फार वाईट गेला. रक्त तपासायला गोंदियाच्या खेपा झाल्या, रविवार आणि सोमवार येत राहिले, आणि बाईंनी एकही गोळी चुकवली नाही. उन्हाळा लागला तेव्हा एके सकाळी मी चुलीपाशी वाकले होते, तर पाठीत धपकन बुक्की बसली.

"काऊन मारता बाई?"

"लागलं का?"

"लागलं ना!"

मी वळून पाहिलं. बाईंनी बुक्की तशीच धरून ठेवली होती, पाचही बोटं पुरती आत वळलेली. "वळली व मूठ," एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्याच मुठीनं त्यांनी डोळे पुसले.