चौदा-दहाची चाल

मजलेकाकांबद्दल वाईट बोलणार नाही असं मी त्यांना कबूल केलंय, तेव्हा जे वाईट आहे ते आधीच उरकून घेतो. माणूस हट्टी आहे, चहा शेजारी, माझ्या घरी येऊन पितो आणि संगीतातलं त्याला ओ की ठो कळत नाही. एकतीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती केली म्हणून नाव पडलं मजलेकाका. नोकरीत असताना कंपनीनं लिफ्टमध्ये संगीत वाजवायचं ठरवलं आणि ते काम यांच्या गळ्यात पडलं, कारण कॉम्प्युटर चालू करता येणारे तिथे हे एकटेच. तेव्हापासून ट्रॅकर नावाच्या एका जुन्या प्रोग्रॅमवर चाली बांधायची खोड लागली ती लागलीच. एका इमारतीत तर लोक दोन मजले आधीच उतरून जिन्यानं जायचे. काकांना वाटायचं, लोक तब्येतीला किती जपतात.

ट्रॅकरमध्ये पडद्यावर एकाखाली एक ओळी असतात. ओळीत सूर किंवा ठोका लिहायचा, आणि प्रोग्रॅम वरून खाली एकेक ओळ वाजवत उतरतो. वर कोपऱ्यात दोन आकडे: स्पीड सहा, टेम्पो एकशे पंचवीस. वीस वर्षांत काकांनी त्या आकड्यांना बोट लावलं नव्हतं. "आधीपासून लावलेलं आहे," म्हणायचे, जसं काही विजेचं सीलबंद मीटर.

गेल्या वर्षी वहिनींना, म्हणजे काकांच्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला. जीभ शाबूत राहिली, ती तशीच धारदार. डावा पाय मात्र फरफटायला लागला. वहिनी छापखान्यात प्रुफं वाचतात. त्यांचं टेबल छपाईच्या खोलीच्या पार पलीकडच्या टोकाला, चालू मशीनांच्या मधल्या वाटेनं चाळीस पावलं. फोरमनचा निरोप आला: दहा आठवड्यांनी रजा संपेल तेव्हा कशालाही हात न लावता तेवढी वाट चालून दाखवा, तरच कामावर. त्याचंही काही चुकत नव्हतं. वहिनी म्हणाल्या, घरी बसून यांच्या चाली ऐकण्यापेक्षा मी त्या वाटेवरून रांगत जाईन.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीनं ठोक्यावर पाऊल टाकायला सांगितलं. तिच्या मोबाइलमधली टिकटिक वहिनींना सोसेना. "नळ गळतोय असं वाटतं." काकांना तेवढंच निमित्त पुरलं.

चार ओळींना एक ठोका, ठोक्याला एक पाऊल, असं त्यांनी मांडलं. वाजवून बघितलं तर मिनिटाला सव्वाशे पावलं. हळू करायला हवं, म्हणून स्पीड सहाचा तीन केला. मी समोरच बसलो होतो. ढोल असा काही उधळला की वहिनी खुर्चीचा हात धरून उठत होत्या त्या तशाच खाली बसल्या.

"अहो, मला चालवताय की हाकलताय?"

"स्पीड कमी केलाय मी."

"हा कमी?"

काकांनी तीन खोडला. मग रागानं बारा घातला, तर ठोका पहिल्याच्या निम्म्यावर आला. नाव स्पीड, आणि आकडा वाढवला की मंद. मी म्हटलं, प्रोग्रॅम करणाऱ्याचं डोकं तुमच्यासारखंच दिसतंय.

"लिफ्टच आहे हो ही," काका म्हणाले. "ओळ म्हणजे मजला. स्पीड म्हणजे दर मजल्यावर किती टिचक्या थांबायचं. जास्त थांबली की खाली उशिरा पोचणार. आणि टेम्पो म्हणजे त्या टिचक्याच किती भरभर पडतात ते."

वेग जमला, पण वहिनींची चाल काही त्यात बसेना. चौथ्या-पाचव्या पावलाला डावा पाय मागे राहायचा, उजवा घाई करायचा, की वहिनी थांबल्याच. काकांनी टेम्पो सव्वाशेचा शंभर केला. सगळंच सारखं मंदावलं, अडखळणं जिथल्या तिथे. असे पाच आठवडे गेले. वहिनींनी टोमणे मारणं बंद केलं, तेव्हा मला काळजी वाटायला लागली. एक दिवस म्हणाल्या, "फोरमनला कळवून टाका, दुसरी बाई बघा म्हणावं."

काकांनी संगीत बंद केलं आणि जमिनीवर बसून डोळे मिटले. लिफ्टचं कुठलं चाक घासतंय ते असंच ओळखायचे म्हणे. वहिनींनी खोलीत चार फेऱ्या मारल्या. फर्रर-टप, फर्रर-टप.

"अगं, तू अडखळत नाहीस," काका म्हणाले. "डाव्याला जास्त वेळ लागतो, उजव्याला कमी. पण दर खेपेला तेवढाच. तुझी चाल पक्की आहे, माझीच चुकतेय."

ट्रॅकरमध्ये ओळीतच आकडा लिहून स्पीड वाटेत बदलता येतो. काकांनी डाव्या पावलाच्या ओळींना चौदा टिचक्या दिल्या, उजव्याच्या ओळींना दहा. बेरीज आधीच्या बारा-बाराचीच, चोवीस, टेम्पो पुन्हा सव्वाशे. ठोका लंगडत निघाला आणि वहिनी त्याच्याबरोबर भिंतीपर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. काका उगाच माऊस पुसत बसले.

व्यायामाची मुलगी मात्र चिडली. "काका, तुम्ही काकूंकडून लंगडणं पाठ करून घेताय." भांडण दोन दिवस चाललं. मग तह झाला: आकडे तिनं ठरवायचे, लिहायचे काकांनी. तीन आठवड्यांनी चौदा-दहाचं तेरा-अकरा झालं. बारा-बारा व्हायच्या आत रजा संपली.

मशीनांच्या खोलीत कानात काही घालायला बंदी. वर प्रत्येक मशीनचा ठोका वेगळा. काकांनी फोरमनला विचारलं, "पाच मिनिटं मशीनं बंद ठेवता का?"

"रोज ठेवू का, काका?"

आम्ही दोघं दारात उभे. वहिनी निघाल्या. बाराव्या पावलाला पहिल्या मशीननं त्यांना आपल्या ठोक्यात ओढलं. पाऊल चुकलं. वहिनी जागीच थांबल्या, हात हवेत. शेजारीच कठडा होता. काका तोंडानं टिचक्या मोजायला लागले. त्या गोंगाटात मला ऐकू येईनात, तर वहिनींना कुठून येणार? वहिनींचे ओठ हलताना दिसले. मग डावा पाय उचलला. कठडा तसाच मागे राहिला, आणि वहिनी टेबलापाशी पोचून खुर्चीत बसल्या.

काका फोरमनकडे बघेनात. "मध्ये थांबली ती," स्वतःच म्हणाले.

"थांबायला मनाई नव्हती," फोरमन म्हणाला. "बाई, उद्या आठला या."

नंतर मी वहिनींना विचारलं, ओठांत काय म्हणत होतात?

"यांना शिव्या देत होते. तेरा-अकरात अगदी चपखल बसतात."

आता संध्याकाळी आम्ही तिघं फिरायला जातो. काका वहिनींच्या बरोबरीनं चालता चालता नकळत तेरा-अकरावर येतात, आणि त्यांच्या शेजारी मीही. परवा वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या बाई गॅलरीत आपल्या नवऱ्याला हळूच विचारत होत्या, या तिघांना एकदमच काय झालं?

वहिनींचे कान तिखट. "आजारी मी होते," त्यांनी वर बघून सांगितलं. "हे दोघं नुसत्या चाली चोरतात."