प्राचीचा पिक आणि माझं मायक्रोमीटर

छतावरच्या टाकीचा स्टँड, बैठकीतला झोपाळा, बायकोची वांगी भाजायची जाळी, एक बुलबुलतरंग आणि आजवर पंचेचाळीस गिटार पिक (तारा छेडायच्या त्या छोट्या चकत्या)... हे सगळं माझ्या हातचं. कुठला कोर्स नाही, गुरू नाही. गिटारसुद्धा चाळिशीनंतर नुसती ऐकून ऐकून शिकलो.

यातल्या शेवटच्या चार पिकांची गंमत सांगायची आहे. त्यातले तीन वाया गेले, आणि चूक सर्वस्वी माझी होती. (हे वाक्य मी सहसा लिहीत नाही.)

मेश्राम माझा कारखान्यातल्या शॉपमधला जोडीदार, इथे भिलाईतच कोहक्यात राहतो. त्याची मुलगी प्राची बुद्ध पौर्णिमेला विहारात गिटार वाजवणार होती. आमच्याकडे हार्मोनियम आणि ढोलक नेहमीचेच, गिटार पहिल्यांदाच... त्यामुळे काही बुजुर्गांच्या कपाळावर आधीच आठ्या.

आणि नेमकं रिहर्सलला, सगळ्यांसमोर, तिच्या बोटांतून पिक सुटला आणि थेट गिटारच्या पोटात गेला. गिटार उलटी करून हलवावी लागली. मे महिन्यातली भिलाई, हाताला घामाच्या धारा... लोक हसले, पोरगी रडली.

दुसऱ्या दिवशी मेश्राम टिफिन उघडता उघडता म्हणाला, "भाऊ, प्राची म्हणते मी आता कोरसमंधीच उभी राहीन. गिटार नाही वाजवत म्हणे. तूच काही कर बा. आठ दिवस राहिले."

मी तिचा पिक मागवून घेतला. पातळ नायलॉन, मायक्रोमीटरवर ०.४६ मिलिमीटर. असा पिक नुसत्या स्ट्रमिंगला ठीक... पण माइकजवळ तारांपेक्षा त्याची फडफडच जास्त ऐकू येते. मी लगेच अॅक्रिलिकचा एक मिलिमीटरचा करून मेश्रामच्या हाती पाठवला. आकार तोच, नेहमीचा पानासारखा.

संध्याकाळी प्राचीचा मेसेज आला. आमची पोरं मराठी लिहितात ती इंग्रजी अक्षरांत. 'काका छान आहे, पण थोडा मोटा पाहिजे.' एम, ओ, टी, ए... मोटा. वा! पोरीला जाडीतलं कळतं म्हणून मी खूश. आमच्या शॉपमध्ये काय, घरात काय, 'जाड' कोणी म्हणतच नाही. पत्रा मोटा, तार मोटी.

मग बेकलाइटचा दीड मिलिमीटरचा केला. शॉपच्या भाषेत जेमतेम अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). कडा पॉलिश पेपरनं घासून गोल केल्या. पुन्हा मेसेज... 'थँक्यू काका, पण अजून थोडा मोटा होईल का?'

तिसरा नारळाच्या करवंटीचा, अडीच मिलिमीटर. दोन संध्याकाळी खर्ची पडल्या. आवाज असा भरीव की मीच तासभर वाजवत बसलो. मेश्राम तो हातात धरून म्हणाला, "हा पिक होय का कॅरमचा स्ट्रायकर?" मी म्हटलं, "तुले नाही समजत. पोरीनंच मागितला."

कार्यक्रमाला दोन दिवस राहिले आणि मेसेज आला... 'काका राहू द्या. मी कोरसमध्येच उभी राहते. तुम्हाला उगाच त्रास.'

माझा चेहरा बघून बायकोनं मोबाइल हातातून घेतला. ती वर्ध्याची, लग्न होऊन इथे आली, तिची मराठी अजून शाबूत आहे. सगळे मेसेज वाचले आणि कपाळाला हात लावला. "अहो, पोरगी मोटा नाही म्हणून राहिली. मोठा म्हणून राहिली, मोठा! तो इवलासा पिक पकडाले जमत नसन तिले."

मी तिथूनच फोन लावला. "बेटा, तुले मोटा पाहिजे का मोठा?"

"बडा वाला, काका! पकडने के लिए!" मग थोडं थांबून, "मले वाटलं तुम्ही मोट्यावर प्रॅक्टिस करवून घेऊन राहिले..."

सहा दिवस मी मिलिमीटरचे शंभर भाग मोजत होतो. ती पिक धरते कसा, हे एकदाही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ड्युटी सुटली तसा कोहक्याला गेलो. अंगठा लहानसा, तळवा ओला. व्हर्नियर लावून अंगठ्याचं माप घेतलं, तेव्हा ती आठवड्यात पहिल्यांदा हसली.

चौथा पिक बंद पडलेल्या एटीएम कार्डाचा. जाडी ०.७६, म्हणजे जवळजवळ पाव सूत... ना फडफड, ना दगड. आकार तिकोनी, बाजू तीस मिलिमीटर, म्हणजे अख्खा अंगठा मावून वर जागा उरेल. धरायचा भाग एकशेवीस नंबरच्या पॉलिश पेपरनं खरबरीत केला, टोकं मात्र गुळगुळीत.

पौर्णिमेला प्राचीनं तीन गाणी वाजवली. मी गाणी ऐकलीच नाहीत, फक्त तिचा अंगठा बघत होतो. तिसऱ्या गाण्यात तिनं कपाळावरचा घाम पिकासकट त्याच हातानं पुसला आणि पुढची तार बरोबर छेडली... मेश्रामनं माझा हात इतका जोरात दाबला की अजून दुखतो.

माइकची व्यवस्था सिविक सेंटरमधल्या एका म्युझिक दुकानाच्या मालकांची होती. त्यांनी तो पिक उलटसुलट पाहिला आणि तिथेच ऑर्डर दिली. असेच दोनशे, सगळे एका मापाचे, साठ रुपये नग. मी विचारलं, वाजवणारे मला भेटतील का? ते म्हणाले, त्याची काय गरज...

बारा हजार रुपये होत होते. मी नाही म्हटलं.