बंद खिडकीला विचारलेली परवानगी

वाट मागायची नसते, ती आपली असते. असली वाक्यं मी चळवळीच्या पत्रकांतून ढिगाने लिहिली आहेत. कायदाही नेमकं हेच म्हणतो, हे कळलं तेव्हा ते आमच्याच घरावर उलटलं होतं.

जयपूरजवळ सांगानेरला आमचं घर मागच्या बाजूला. बाबा रेल्वेतून निवृत्त झाले, भुसावळला परतायचं राहून गेलं, इथेच घर बांधलं. रस्त्यावर यायला पुढच्या घराच्या कडेने बोळ. दुसरी वाट नाल्याकाठची, पण तिथून बाबांची चाकाची खुर्ची जात नाही. पुढच्या घरातले म्हातारे दादाजी वारले, काही वर्षं घर बंद राहिलं, मग पुतण्याने ते विकलं. नव्या मालकाने पहिल्याच आठवड्यात बोळाला फाटक बसवलं, फाटकाला कुलूप.

मी दावा ठोकला. वकीलसाहेबांनी समजावलं: वीस वर्षं उघडपणे, कुणाला न विचारता ये-जा केली असेल तर वहिवाटीचा हक्क. विचारून केली असेल तर ते नुसतं लायसन्स, मालक कधीही काढून घेईल. तेव्हा शपथपत्रात लिहायचं, कधी विचारलं नाही.

"पण मी विचारायचे की," आई म्हणाली. "दर वेळी. दादाजींच्या खिडकीशी थांबून, येऊ का म्हणून."

"अगं, ती बोलायची पद्धत झाली! निघताना आपण म्हणतोच."

"निघताना म्हणतो ते वेगळं. मी थांबायचे. ते 'आओ बेटा' म्हणायचे, मग जायचे."

मी हिंदीत सांगितलं, तसं वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "उनके गुज़रने के बाद तो नहीं पूछा न?"

"पूछा ना. रोज."

"मरा हुआ आदमी इजाज़त नहीं देता, माताजी." ते हसले.

"देते थे," आई म्हणाली. ती हसली नाही.

मी चिडले, आणि अंगावर काटाही आला. कारण खुर्ची ढकलत तिच्या मागे मीच असायचे. भर दुपार, लू सुटलेली, बोळात चिटपाखरू नाही. आई बंद खिडकीला विचारायची, एखादं वाक्य ऐकायला लागतो तेवढा वेळ थांबायची आणि मान हलवायची. तिचं मी सोडून देत असे. पण बाबा? देवाला हात न जोडणारा माणूस, त्या खिडकीकडे बघून हात वर करायचे. मला काही ऐकू आलं नाही, असं मी शपथेवर लिहून देईन का? मला कुणी विचारलं नाही, तेच बरं.

"खोट्यावर सही करणार नाही," आई म्हणाली. ते वाक्य खोडलं गेलं. दादाजी गेल्यानंतरची वर्षं तेवढी विनापरवानगी धरली, तरी ती वीस भरत नव्हती. तात्पुरता मनाई हुकूम मिळाला नाही. डायलिसिसला जायचं म्हणजे मी आणि ऑटोवाला भैया बाबांना नाल्याकाठाने उचलून न्यायचो. एकदा भैयाचा पाय घसरला आणि बाबा थोडक्यात वाचले.

त्यानंतर एका दुपारी तो नवा मालक आमच्या दारात आला. चेहरा ओढलेला. मला टाळून आईलाच म्हणाला, "माताजी, वो आपको क्या जवाब देते थे?"

"क्यों? आपसे कुछ कहा?"

"हमसे तो पूछते हैं. किससे पूछकर आए हो. आप ही पूछ दीजिए न, हम रहें कि नहीं?"

"पहले फाटक!" मी मध्ये पडले. "लिखकर दीजिए, कि रास्ता हमारे हक़ का है." कागद पुढे केला. त्याने बघितलासुद्धा नाही. पायरीवर चावी ठेवली. "निकल जाइए न, मैं कहाँ रोक रहा हूँ."

मतलब, पुन्हा परवानगीच! याची भीती ओसरली की उद्या परत कुलूप.

"आई, चावी घेऊ नकोस. घेतलीस तर केस गेली."

"बाबांची डायलिसिसची वेळ झाली," आई म्हणाली आणि चावी उचलली.

तो आमच्या पायरीवरच बसून राहिला, घरी जायचं नाव काढेना. त्याला बाजूला सरकायला सांगून मी खुर्ची बाहेर काढली.