जाळीवरची पहिली चिता

डिपार्टमेंटचं कुलूप काढत होतो तेवढ्यात आत फोन वाजायला लागला. आहेरांचा होता. सातपूरला त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. लोखंड कापून, वेल्डिंग करून लागेल ती वस्तू बनवून द्यायचे.

"सर, अण्णा गेले पहाटे," ते म्हणाले. अण्णा म्हणजे त्यांचे वडील.

मी सांत्वनाचं काही बोलायला गेलो, तर त्यांनी मला थांबवलं. "दुपारच्या आत काढायचंय. आपली जाळी लावायची. तुम्ही या."

ज्या फोनची सात-आठ महिने वाट पाहत होतो तो आला होता, आणि आता तो यायला नको होता असं वाटत होतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची ही गोष्ट. मी नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवायचो. कमी इंधनात जास्त काम कसं होईल, यावर संशोधन करायला विद्यापीठाने काही प्रोजेक्ट दिले होते. बाकीच्यांनी पंप, बॉयलर, कॉम्प्रेसर घेतले. मी चिता घेतली.

आमचे विभागप्रमुख कुलकर्णी सर कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, बॉयलर घ्या की. स्मशान काय घेता? घरी काय सांगाल?"

"सर, बॉयलरवर सगळेच काम करतात. इकडे कोणी बघतसुद्धा नाही."

"बघत नाही त्याला कारण असतं," ते म्हणाले. पण सही केली.

विषय तसा सोपा आहे. एफिशियन्सी म्हणजे आपण जेवढं जाळलं त्यातलं कामी किती आलं. जमिनीवर रचलेल्या चितेत बरीचशी उष्णता आभाळात जाते. खालून हवा मिळत नाही, म्हणून लाकूड धुमसतं. मग लोक रॉकेल ओततात आणि वर आणखी लाकूड टाकतात. आमची कल्पना एवढीच की चिता लोखंडी जाळीवर उचलून घ्यायची, म्हणजे खालून हवा खेळेल. दोन्ही बाजूंना पत्रे उभे करायचे, म्हणजे आच आतच राहील. राख आणि अस्थी खालच्या ट्रेमध्ये पडतील. हिशोबाने निम्मं लाकूड पुरायला हवं होतं.

जाळी आहेरांनी बनवली. काम चालू असताना अण्णा समोर स्टुलावर बसून असत. मूळचे सटाण्याकडचे, सातपूरच्या कारखान्यात नोकरी करून रिटायर झालेले. जाळी कशासाठी आहे हे कळल्यावर मुलाला म्हणाले, "मजबूत कर रे. जाड मानूस बी राहस." आणि स्वतःच खूप हसले. स्वतः काटकुळे होते.

कॉलेजच्या मागे आम्ही ओल्या भुशाची पोती ठेवून चाचण्या घेतल्या. पोती छान जळली. पण पोत्याला नातेवाईक नसतात. अमरधामात, म्हणजे गावच्या स्मशानभूमीत, जाळी ठेवायला परवानगी मिळाली ती एका अटीवर, की घरच्यांनी आपणहून मागितली तरच वापरायची. आता कोण मागणार? मी एक-दोनदा तिथे जाऊन उभा राहिलो. ज्याचं माणूस गेलंय त्याला 'आमचा एक प्रयोग आहे' असं कसं म्हणायचं? तोंड न उघडताच परत आलो. जाळी कोपऱ्यात पडून राहिली. लोक तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालायचे.

आणि आता हा फोन. भाद्रपद चालू होता, आठवडाभर पावसाची झड लागलेली. अमरधामातलं लाकूड ओलं असणार. कॉलेजच्या शेडमध्ये चाचणीसाठी कोरडं लाकूड ठेवलं होतं, ते वजन करून टेम्पोत भरलं आणि निघालो. भीती एकच होती. पोतं अर्धवट राहिलं तर पुन्हा पेटवता येतं. इथे अर्धवट राहिलं असतं, तर आहेर जन्मभर भावकीत मान वर करू शकले नसते. आणि ते माझ्या शब्दावर.

मी अमरधामाच्या शेडखाली जाळीवर लाकडं रचली. थरांमध्ये हवेसाठी फटी सोडल्या. तेवढ्यात मंडळी आली. अण्णांचे धाकटे भाऊ सटाण्याहून आले होते. धोतर, टोपी, डोळे लाल. जाळी बघून जागच्या जागी थांबले.

"हाई काय शे?"

"जाळी शे, काका," आहेर म्हणाले. "मीच बनवलीय. अण्णांनी पाहिलेली आहे."

"भाऊले लोखंडवर ठेवशी? आन अर्धं रही गयं तर?"

काका माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा, मास्तर. राहिलं तर?"

खोटा धीर देणं मला जमलं नाही. म्हटलं, "राहणार नाही असं माझं गणित सांगतं. पण राहतंय असं वाटलं, तर नेहमीच्या चितेचं लाकूड बाजूला काढून ठेवलंय. लगेच रचू. सगळं होईपर्यंत मी इथून हलणार नाही."

काका पुतण्याला एवढंच म्हणाले, "तुना बाप शे. तू ठरव."

"ठेवा," आहेर म्हणाले.

अण्णांना जाळीवर ठेवलं आणि माझ्या गणिताच्या बाहेरची गोष्ट सुरू झाली. रीतीप्रमाणे एकेक जण पुढे येऊन लाकूड ठेवायला लागला. हे मला माहीत नव्हतं असं नाही, माझ्या वडिलांना मीही ठेवलं होतं. पण कागदावर डिझाइन करताना ते डोक्यातच आलं नाही. कारखान्यातले जुने सोबती रात्रपाळीचे कपडे न बदलता आले होते. तेही रांगेत उभे. वजन केलेल्या लाकडाचा हिशोब तर गेलाच, पण मी सोडलेल्या फटी बुजायला लागल्या. हवा बंद झाली की धूर, आणि धूर म्हणजे अर्धवट.

थांबवायला पुढे गेलो. समोर अण्णांच्याच वयाचा एक रिटायर कामगार हातात लाकूड घेऊन उभा होता. त्याला 'नको' म्हणायला माझी जीभ उचलेना. म्हटलं, "बाबा, इकडे डोक्याकडच्या बाजूला उभं लावा. मधली जागा मोकळी राहू द्या."

त्याने तसं लावलं. पुढच्यानेही लावलं. तिसऱ्याने आडवं टाकलं तेव्हा मागून काकांचा आवाज आला, "आडवं नको रे! मास्तर सांगस तसं ठेव." आणि ते स्वतः चितेच्या पायाशी उभे राहून एकेकाला जागा दाखवायला लागले.

आहेरांनी मडकं घेऊन फेऱ्या पूर्ण केल्या. अग्नी दिला. आम्ही पत्रे उभे केले. सुरुवातीला पांढरा धूर निघाला आणि माझी नजर बाजूच्या लाकडाकडे गेली. मग खालून हवा ओढल्याचा घुर्र आवाज झाला, धूर पातळ होत गेला आणि ज्वाळा सरळ वर आल्या. एकाने रॉकेलचा डबा धरला होता, तो तसाच धरून राहिला.

मंडळी पांगली. काका माझ्याजवळ बाकावर येऊन बसले. मधूनमधून उठून बघून यायचे, परत बसायचे. संध्याकाळ व्हायच्या आत सगळं नीट पार पडलं होतं. बाजूच्या लाकडाला हात लावावा लागला नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला मी मुद्दाम गेलो. ट्रेमधल्या अस्थी मातीत न मिसळता स्वच्छ मिळाल्या. काकांनी त्या हाताने उचलून मडक्यात ठेवल्या. मग धोतराला हात पुसत माझ्याकडे आले. "मास्तर, मनी येळले बी हाईच जाळी पायजे."

मी म्हटलं, "काका, घाई करू नका. अजून सुधारणा बाकी आहेत." ते हसले.

पुढे लोक आपणहून जाळी मागायला लागले. पत्र्यांच्या आतल्या बाजूला लोकांना लाकूड ठेवायला आम्ही वेगळी कड बसवली आणि ते लाकूड हिशोबात धरलं. आकडेवारी म्हणून अण्णांची चाचणी बाद झाली, कारण लाकूड किती जळलं हे कुणालाच सांगता येत नव्हतं. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना सांगत आलो की वस्तू माणसांसाठी बनवत असाल तर चाचणीला माणसं येणार हे धरून चाला.

अहवालात आभाराचं एक पान असतं. त्यात विद्यापीठ, प्राचार्य, विभागप्रमुख अशी नावं ओळीने घातली. सगळ्यात वर अण्णांचं नाव, नामदेव सखाराम आहेर.

कुलकर्णी सरांनी वाचून चष्मा वर केला. "हे कोणत्या कॉलेजचे?"

मी सगळं सांगितलं. खिशातलं पेन काढून सरांनी नावाच्या आधी 'कै.' लिहिलं आणि कागद सही करून माझ्याकडे दिला.