बुटवलचे पाहुणे, सोपाऱ्याचा स्तूप आणि एक चप्पल

आमच्या मुग्धाने बुटवलच्या बिकासशी लग्न करायचं ठरवलं आणि आमच्या ह्यांनी घरातलं परराष्ट्र खातं स्वतःकडे घेतलं. बिकासचे आईवडील, सावित्रीजी आणि केशवजी, नेपाळहून येणार, आम्हाला बघणार आणि मगच लग्नाला होकार द्यायचा की नाही ते सांगणार. "दोन देशांचे संबंध आहेत, गंमत नाही," म्हणत ह्यांनी नालासोपाऱ्यातल्या आमच्या एवढ्याशा फ्लॅटला नवे पडदे लावले. मुग्धाला काळजीने जेवण जात नव्हतं. पाहुण्यांना फिरवायच्या दिवशी कामावर निघताना ती म्हणाली, "आई, बाबांना जरा कमी बोलायला सांग."

ते माझ्या हातात असतं तर!

तुम्हीही पाहुण्यांना इकडे फिरवणार असाल तर स्टेशनच्या पश्चिमेहून दिवसभराची रिक्षा ठरवा आणि भाडं आधीच पक्कं करा. आम्ही मागे तिघं बसलो. पुढे ड्रायव्हरला चिकटून, अर्धे रिक्षाबाहेर, आमचे परराष्ट्रमंत्री.

पहिला थांबा सोपाऱ्याचा स्तूप. गर्दी नाही, निवांत जागा. एकेकाळी या बंदरात दूरदेशीची जहाजं यायची, हे मी सांगणार तोच ह्यांनी छाती पुढे काढली. "देखिए केशवजी, बुद्ध आखिर हमारे भारत के ही!"

बुटवलहून लुंबिनी जवळच आहे, हे ह्यांना सोडून आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. केशवजींनी डोक्यावरची टोपी नीट केली. "सर, बुद्ध का जन्म नेपाल में हुआ है."

"हां, लेकिन उस टाइम बॉर्डर किधर था?"

मी चिमटा काढला, पण उशीर झाला होता. निर्मळपर्यंत केशवजी रिक्षाबाहेरच्या केळीच्या बागा मोजत बसले. मुग्धाचा मेसेज आला, "कसं चाललंय?" मी तिला केळीच्या बागेचा फोटो पाठवून दिला.

निर्मळला देवदर्शन झालं की सुकेळी घ्याच. सोललेली केळी उन्हात वाळवून केळीच्याच सुक्या पानात बांधतात. महाग वाटतात, पण खाल्ल्यावर तक्रार राहत नाही. आमच्या नेहमीच्या मावशी ओट्यावर बसल्या होत्या.

"कोन गं पाहुनी?"

"नेपाळच्या आहेत."

"मंग उबी का? बस की!"

सावित्रीजींनी एक सुकेळं खाल्लं, डोळे मिटले आणि पिशवीतून गुंद्रुक काढलं, म्हणजे आंबवून वाळवलेला मोहरीचा पाला. मावशींनी हुंगून पाहिलं. "सुकटीसारका वास मारतो. पन द्या थोडा." लगेच मूठभर पाल्यावर सुकेळ्यांची एक जुडी अशी देवाणघेवाण झाली. दोन देशांचा व्यापार आम्ही बायकांनी पाच मिनिटांत सुरू केला. पुरुष मात्र ओट्याच्या दोन टोकांना फुगून बसले होते.

शेवटी कळंबचा किनारा. शहाळी आणि भजी मिळतात, टॉवेल मात्र घरून न्या. केशवजींनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. ते चपलांसकट पाण्यात शिरले, हसू लागले, आणि एका लाटेने त्यांची डाव्या पायातली चप्पल पळवली.

"सर, जाने दीजिए!" ते ओरडेपर्यंत आमचे हे इस्त्रीच्या पँटीसकट कमरेएवढ्या पाण्यात गेले होते. दोनदा पडले, खारं पाणी प्याले. मग हात वर करून ओरडले, "मिल गयी! और केशवजी, बुद्ध नेपाल के! सौ टक्का नेपाल के!"

भजीवाल्यासकट सगळा किनारा बघत होता.

हे धापा टाकत आले आणि चप्पल पुढे केली. केशवजींची चप्पल तपकिरी, चामड्याची. ही होती निळी, रबरी, कुणाची कोण जाणे. ह्यांचा चष्मा समुद्रार्पण झालेला. केशवजींनी चपलेकडे पाहिलं, थरथरणाऱ्या ह्यांच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने पाय तिच्यात सरकवला.

"हां, यही है. चलिए, सम्धीजी."

सम्धी म्हणजे व्याही. सकाळपासूनचं 'सर' संपलं होतं. मी तिथेच रडले, आणि मुग्धाला फोन लावून फक्त लाटांचा आवाज ऐकवला.

आता पाहुणे बुटवलला पोचलेत. सावित्रीजींनी आमच्याकडे ठेवलेल्या गुंद्रुकाच्या वासाबद्दल शेजारच्यांनी दोनदा विचारून झालंय. मुग्धा आता जास्तीची पोळी मागून घेते. काल सावित्रीजींनी त्यांच्या दारातला फोटो पाठवला. उंबऱ्याशी एक तपकिरी चप्पल, एक निळी.

ह्यांनी नवा चष्मा पुसून फोटो निरखून पाहिला आणि म्हणाले, "बघ, नेपाळमध्ये अशीच फॅशन असते."